विचारायचं नाही

युनिफॉर्मच्या शर्टाची उजवी बाही चढवताना स्वरालीने नाकाने लांब श्वास घेतला, क्षणभर आत धरला, आणि ओठांचा चंबू करून सावकाश, अगदी सावकाश बाहेर सोडला. मी दुसरी बाही हातात धरून तशीच बसून राहिले. तो श्वास माझा होता. नुसता माझ्यासारखा नव्हे. त्याची लांबी, हवा संपत येताना खांदे सैल सोडणं, आणि त्यानंतरची ती छोटीशी पोकळी, जिच्यात मी दर वेळी वाकून बघते की आता किती उरलंय, ते सगळं माझं होतं, आणि ते पाच वर्षांच्या, पोपटी बनियनमधल्या छातीतून बाहेर येत होतं. अनोळखी घराच्या दारावरून जाताना आतून आपल्याच घरच्या फोडणीचा वास यावा तसं काहीतरी झालं मला. आधी ओळखीचं वाटलं आणि मग भीती वाटली. काय गं, मी विचारलं. काही नाही, ती म्हणाली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. तो श्वास घेताना मीही तिकडेच बघते. त्या कॅलेंडरच्या खिळ्याकडे. मी बाही परत उतरवली. मनगटाच्या जरा वर हात गरम लागला, आणि दुसऱ्या हाताशेजारी धरून पाहिला तर तिथली ती नाजूक खोबण भरून आली होती, पीठ फुगावं तशी. डोळे मिटून तिने पुन्हा एकदा तो श्वास घेतला.

काल संध्याकाळी ती सोसायटीच्या बागेतल्या घसरगुंडीवरून पडली होती. आजी गेटपाशी भाजी घेत होती तेव्हा. हे सगळं मला एकेक प्रश्न विचारून काढावं लागलं, आणि ती उत्तरं देत होती ती शाळेतल्या बाई काही विचारतात तेव्हा द्यावी तशी, नीट, पूर्ण वाक्यात. मग तू काय केलंस? मी बाकावर बसले. मग? मग आजी आली, आम्ही वर आलो. म्हणजे ती लिफ्टमधून वर आली, तिने हात धुतले, डाव्या हाताने वरण-भात खाल्ला (डाव्या हाताने का गं, असं सासूबाई म्हणाल्याचं मला आठवत होतं, मीच म्हटलं होतं की असू दे हो आई, मुलं करून बघतात), कार्टून पाहिलं, आणि झोपताना माझी छोटी उशी मागितली. ही उशी मी गुडघ्यांखाली घेते. हवीय, एवढंच ती म्हणाली, आणि मी दिली. का, असं विचारलं नाही. तिने ती हाताखाली घेतली असणार. रात्रभर तो हात त्या उशीवर होता आणि मी भिंतीपलीकडे माझ्या पाठीखाली गुंडाळलेला टॉवेल नीट करत होते. का विचारलं नाही, तर आमच्या घरात विचारायचं नाही असं ठरलं होतं.

ते ठरलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. शनिवार पेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, खाली चष्म्यांचं दुकान आहे, तिथे उल्का मॅडम आमचा गट घेतात. औषधं न देता जुनाट दुखण्यांशी कसं राहायचं, ते शिकवतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला तिथे जाण्याचीच लाज वाटली होती, कारण तोवर सगळं करून झालं होतं. स्वराली तीन महिन्यांची असताना तिला टबातून उचलताना कमरेत काहीतरी सरकलं, आणि तेव्हापासून डाव्या पायात टाचेपर्यंत ओली तार कुणीतरी सोडून ठेवलेली. पट्टा झाला, शेक झाला, तेलं झाली, आयुर्वेदाचे काढे झाले. गोळ्या झाल्या, गोळ्यांनी दुखणं जायचं नाही, मी जायचे. समोर मूल रांगतंय आणि आपण काचेच्या अलीकडून बघतोय असे महिने गेले. एमआरआयमध्ये काहीच दिसलं नाही. एवढ्या मोठ्या मशीनला सापडत नाही ते हिला बरोबर सापडतं, असं सासूबाई शेजारच्या काकूंना फोनवर म्हणाल्या होत्या. त्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, फोनवर बोलताना त्यांचा आवाज एका पट्टीत असतो, त्यामुळे त्या चिडून म्हणाल्या की नुसत्याच म्हणाल्या ते कळलं नाही. पण रोज सकाळी मात्र पहिला प्रश्न त्यांचाच असायचा. कसं आहे आज? मग माझ्या नवऱ्याचा, अवधूतचा, अंघोळ करून आल्यावर. मग ऑफिसमधून त्याचाच फोन. मग माझ्या आईचा फोन. आणि प्रत्येक वेळी मी आत जाऊन बघून यायचे की कसं आहे, आणि बघायला गेलं की ते असायचंच.

उल्का मॅडमनी हे बरोबर पकडलं. त्या म्हणाल्या, पार्किंगमधल्या गाडीचा अलार्म असतो ना, मांजर केव्हाच निघून गेलेलं असतं तरी तो वाजत राहतो. तुमचं तसं झालंय. आता सगळी सोसायटी गॅलरीत येऊन विचारतेय, काय झालं, काय झालं. आधी ते गॅलरीतले लोक आत पाठवा. दुखणं येईल, पाहुण्यासारखं येईल, बसू द्या. चहा टाकू नका. पुण्यात राहता, एवढं जमेलच. सगळे हसले. मग त्यांनी घरच्यांना बोलावून घेतलं आणि समजावलं, की आजपासून हिला दुखतंय का, किती दुखतंय, हे विचारायचं नाही. आज काय काय केलंस, ते विचारायचं. जिना चढले, कोपऱ्यापर्यंत चालले, पोळ्या केल्या. त्यावर बोलायचं. अवधूत मान हलवत होता. त्याच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली, आणि ती दिसल्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण मलाही तीच हवी होती. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, घरात माणसाला विचारायचं नाही, ही कुठली पद्धत. पण पाळली त्यांनी. पहिल्या सकाळी चहा समोर ठेवून त्या तोंड उघडून थांबल्या, आणि मग म्हणाल्या, दूध जरा जास्तच उकळलं. गटात आमच्याबरोबर बावधनच्या तुळजाबाई होत्या, साठीच्या, दोन्ही गुडघे आणि मान. मुलगा भल्यामोठ्या गाडीतून सोडायचा आणि खालीच थांबायचा. घरच्यांनी विचारायचं नाही हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, आमच्यात तसंबी कुनी इचारतच नाय. ह्ये औषध मला आधीपास्नंच चालू हाय." तेव्हाही सगळे हसले. तुळजाबाई हसल्या नाहीत. थोड्या वेळाने त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, मंग मी बोलू तरी काय. मी त्यांच्या शेजारीच चटईवर होते. त्यांच्या लुगड्याला कापराचा वास येत होता, आणि मी डोळे मिटून उजव्या पायाच्या अंगठ्यापासून शरीरभर लक्ष फिरवायला सुरुवात केली होती, म्हणून ऐकू न आल्यासारखं केलं.

त्या सकाळी दवाखान्यात जायला कर्वे रस्त्यावर रिक्षा मिळाली. मी स्वरालीचा हात माझ्या मांडीवर उशीवर ठेवला होता, तीच उशी, आणि रिक्षावाल्याला दोनदा सांगितलं की सावकाश घ्या. तो म्हणाला, मॅडम, सावकाशच चाललंय, खड्डे जोरात येतायत. एका खड्ड्यात रिक्षा आदळली तेव्हा माझ्या पाठीतून जी कळ निघाली ती कानापर्यंत गेली, आणि त्याच क्षणी मी स्वरालीकडे पाहिलं तर तीही माझ्याकडेच बघत होती. आम्ही दोघी एकमेकींचे चेहरे तपासत होतो. मी हसले. तीही हसली. तिचं ते हसू मला चांगलं माहीत आहे. फोटोत माझं असं असतं. मी बाहेर बघू लागले. मेट्रोच्या खांबांवर कुणी कुणी चिकटवलेल्या जाहिराती, क्लासेस, पॅकर्स, गुडघेदुखीवर हमखास. मला आठवत होतं की ती रडायची. लहान असताना एवढ्या तेवढ्याला रडायची, फरशीवर टप्पदिशी बसली तरी आधी माझ्याकडे बघायची, आणि मी बघतेय अशी खात्री झाली की भोंगा पसरायची. ते कधी थांबलं? कुठल्या महिन्यात, कुठल्या दिवशी? मी तिचं वजन बघते, नखं बघते, शाळेच्या व्हॅनमध्ये ती कुठल्या बाजूला बसते ते बघते, डब्यातून काय परत आलं ते बघते, रात्री उठून तिच्या नाकापाशी बोट धरते. माझ्या बघण्याला सगळे हसतात. आणि हे थांबलं ते मी पाहिलं नाही. उलट मला वाटत होतं की ती मोठी झाली. मी लोकांना सांगायचे, समजूतदार झालीये हो, अज्जिबात त्रास देत नाही.

कार्यालयातल्या लग्नानंतरच ती अशी शांत झाली असं माझं मन मला सांगत होतं, आणि मी ते ऐकत नव्हते. ते लग्न अवधूतच्या मावसबहिणीचं. तेव्हा मी नुकती गटात जायला लागले होते. पंगतीची वेळ, गर्दी, सनईची कॅसेट की काय ती अंगावर येणारी, स्वरालीच्या पायावर कुणाची तरी खुर्ची सरकली आणि ती दोन्ही हात वर करून रडायला लागली. उचल, उचल. मी उचलली. उचलू नये हे मला माहीत होतं, खाली बसून जवळ घ्यायचं असं शिकवलेलं होतं, पण आजूबाजूला सगळ्या बायका बघत होत्या, आणि शिवाय ती माझी मुलगी होती. तिला कडेवर घेऊन मी सरळ झाले आणि मला पुढचं दिसेनासं झालं. तिला खाली ठेवताही येईना. अवधूतने येऊन तिला माझ्या हातांतून सोडवून घेतलं. मग किती तरी दिवस मी पलंगावर होते. दार लोटलेलं, आणि दाराच्या फटीत खालच्या बाजूला तिचे दोन पाय. आत ये, असं म्हणायचं बळ नसायचं मला. ते पाय बराच वेळ तसेच असायचे आणि मग जायचे. मला त्या दिवसांतलं दुखणं इतकं लख्ख आठवतं, त्याचा रंगसुद्धा सांगू शकेन. तिचं काय चाललं होतं ते आठवत नाही. बरी होती, जेवत होती, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. त्यानंतर मी मन लावून सगळं केलं. श्वास केला, चालणं केलं, बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळं आवरायचं नाही आणि वाईट वाटलं म्हणून झोपून राहायचं नाही, हे शिकले. संध्याकाळी हॉलमध्ये चटई घालून शरीरभर लक्ष फिरवत पडायचे, आणि काही दिवसांनी शेजारी तिची छोटी चटई आली. दोघी शवासनात. अवधूतने फोटो काढून सगळ्यांना पाठवला होता. पायाची बोटं, स्वराली कुजबुजायची, मग घोटा, मग पोटरी. तिला सगळं पाठ. दुखणं गेलं नाही, पण मी उठून बसले, परत कामाला लागले, अर्धा दिवस का होईना, तिला शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडायला जाऊ लागले. त्या एका श्वासाला धरून मी वर आले होते. आणि आता तो श्वास माझ्या शेजारी रिक्षात बसला होता आणि त्याला दोन वेण्या होत्या.

दवाखान्यात भिंतीवर जिराफ होता. डॉक्टर तरुण, गळ्यातल्या स्टेथोस्कोपला एक छोटं लोकरीचं माकड लटकवलेलं. त्यांनी आधी तिला नाव विचारलं, मग शाळा, मग हात हातात घेऊन अंगठ्याने अगदी अलगद दाबत विचारलं, "इथे दुखतंय का बाळा?"

स्वरालीने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे बघून, त्यांची काहीतरी चूक झालीये आणि ती आपण सांभाळून घेऊ अशा आवाजात म्हणाली, "आम्ही असं विचारत नाही."

डॉक्टर हसले. बरं बाई, मग काय विचारता? आज काय काय केलं ते, ती म्हणाली. आणि मग सांगायलाच लागली, आज मी दात घासले, दूध प्यायले, रिक्षातून आले. डॉक्टर अजून हसतच होते पण त्यांचे डोळे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, ॲक्च्युअली मला बरीच वर्षं क्रॉनिक पेन आहे, त्यामुळे घरी आम्ही, आणि पुढचं वाक्य मला सापडेना. ते सोपं वाक्य होतं. गटात मी ते अनेकदा म्हटलं होतं, नवीन बायकांना समजावून सांगितलं होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. पण त्या जिराफासमोर ते वाक्य उभंच राहीना. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, ठीक आहे, एक्स-रे काढू. त्यांनी मला काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं असं मला वाटत राहिलं.

एक्स-रेच्या खोलीत आईने बरोबर थांबायचं तर शिशाचा एप्रन घालावा लागतो. तो तिथल्या माणसाने माझ्या खांद्यांवर चढवला आणि मी खाली खचले. ओल्या गोधडीसारखा तो पाठीवर बसला, कमरेच्या त्या नेमक्या जागी त्याचं सगळं वजन उतरलं, आणि टाचेपर्यंत तार पेटली. गार खोली, दिव्याचा गुणगुणता आवाज. टेबलावर स्वरालीचा हात पसरून ठेवलेला, इवलासा, तळवा वर. हलायचं नाही हं, तो माणूस म्हणाला. ती हलत नव्हती. मला श्वास सोडायचा होता. सवयीने तो छातीत भरूनही आला होता, पण ती बघत होती म्हणून मी तो धरून ठेवला, ओठ घट्ट मिटून. आज तिने हे पाहू नये एवढंच माझ्या मनात होतं. तिने पाहिलं. तिचं लक्षच माझ्यावर होतं. टेबलाच्या काठावर हनुवटी टेकवून तिने भुवया वर केल्या, नाकाने श्वास घेतला, आणि मला दाखवत, शिकवत, सावकाश सोडला. असा. हात मात्र तिने हलवला नाही. त्या माणसाने आतून सांगितलं, छान आला फोटो, किती गुणी मुलगी आहे.

हाड तुटलं नव्हतं. डॉक्टरांनी काळ्या चित्रावर पेनाने दाखवलं, मुलांची हाडं अजून मऊ असतात, तुटण्याऐवजी दबतात, ॲल्युमिनियमच्या डब्याला पोचा येतो ना, तसं. तीन आठवडे पट्टा बांधायचा. रात्रभर तसंच राहिलं म्हणून काही बिघडलं नाही, काळजी करू नका. मी ते बघत राहिले. काठाला एक बारीकशी उंची आली होती, कागदाला घडी पडण्याआधी येते तशी. माझ्या चित्रांत कधी काही दिसलं नव्हतं. हिच्यात दिसत होतं. डॉक्टर सांगत होते, तिथे बोट ठेवता येत होतं, आणि ही खूण जिची होती ती गप्प होती, आणि मी, जिचं काहीच कधी दिसलं नाही, मी एके काळी अख्खं घर त्या शब्दाने भरून टाकलं होतं. दुखलं तर हे पाजा, असं म्हणून त्यांनी सिरप लिहून दिलं. दुखलं तर. ते मला कळणार कसं, असं मी विचारलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी पट्टा पाहिला. निळा, त्यावर मासे. त्या एकदम खुर्चीवर बसल्या. मी गेटपाशी होते गं, त्या म्हणाल्या, मेथीच्या जुड्या बघत होते, वळून पाहिलं तर ही बाकावर शहाण्यासारखी बसलेली, मला वाटलं दमली. मी म्हटलं, आई, तुमचं काही नाही त्यात. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी भांडी आवरायला घेतली, जरा जोरात. दुपारभर स्वराली पट्ट्यावरचे मासे मोजत बसली. मी तिच्या आसपास घोटाळत राहिले. मला तिला विचारायचं होतं. साधा प्रश्न, रस्त्यावरचा कुणीही कुणालाही विचारेल असा, तो माझ्या तोंडातून येईना. किती महिने मी तो घरातून हाकलत होते, मलाच कुणी विचारला तर मान फिरवत होते, आणि आता हवा होता तेव्हा तो परक्या भाषेतला वाटत होता. मी म्हटलं, बरं वाटतंय ना? हो, ती म्हणाली. मी म्हटलं, हाताला काही होतंय का? ती म्हणाली, हात आहे.

सहाच्या सुमारास अवधूत आला. मी फोनवर सांगितलंच होतं. तो बूट काढता काढता तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, काय मग, आज काय काय केलंस? ती म्हणाली, रिक्षातून गेले, हाताचा फोटो काढला, मासेवाला पट्टा मिळाला, आणि मी हलले नाही. शूर आहे माझी, तो म्हणाला आणि तिच्या केसांतून हात फिरवला. माझ्या कानशिलांत काहीतरी तापलं. मी त्याला गॅलरीत बोलावलं, आणि खालच्या आवाजात, कपडे वाळत घातलेल्या दोरीशेजारी, म्हटलं की ती शूर नाहीये, तिला सांगता येत नाहीये. रात्रभर हात मोडून पडली होती आणि सांगता आलं नाही तिला. तो म्हणाला, मोडला नाहीये, डॉक्टरच म्हणालेत. खाली बागेत मुलांचा गलका चालू होता, त्याच घसरगुंडीवर. तो म्हणाला, "ऋचा, आता तू परत त्या सगळ्यात जाऊ नकोस. प्लीज." त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो घाबरला होता. लोटलेलं दार, अंधारलेली खोली, तिथून मला परत आणायला जी एक गोष्ट उपयोगी पडली ती मी आता मोडून टाकीन, याला तो घाबरला होता. मीही. माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. मी चढलेल्या सगळ्या पायऱ्या त्या एका न बोललेल्या शब्दावर उभ्या होत्या, आणि त्याच्याच खाली माझी मुलगी बसली होती, हात उशीवर ठेवून.

मी आत आले. दिवे लावायची वेळ झाली होती. रोजच्यासारखी चटई काढली आणि आडवी झाले नाही, नुसती बसले. खाली बसायला मला वेळ लागतो, एक हात सोफ्यावर, मग गुडघा, मग दुसरा. स्वरालीने तिची चटई एका हाताने ओढत आणली. सिरपचं झाकण मी उघडून ठेवलं होतं. ती शेजारी बसली आणि म्हणाली, पायाची बोटं. मी म्हटलं, आज नको. मग? आज तू मला सांग. काय? मी तिच्याकडे बघत म्हटलं, पडलीस तेव्हा मला का नाही सांगितलंस? ती पट्ट्याच्या चिकटपट्टीचं टोक उचकटत राहिली, चर्र, परत चिकटवायची, चर्र. मी म्हटलं, मी रागावले असते असं वाटलं का? नाही. मग? आपण तसं बोलत नाही म्हणून? तिने मान हलवली, तीही नाही अशी. मी धीर धरला. बाहेर कुणाचा तरी कुकर वाजत होता. मग ती खूप हळू, माझ्याकडे न बघता, बोलली.

"मी सांगितलं की तू मला उचलतेस."

हो, मी म्हटलं.

"आणि उचललंस की तुझं..." ती थांबली. तिला शब्द हवा होता आणि तो घरात नव्हता. तिने इकडे तिकडे पाहिलं, जणू तो कुठेतरी ठेवलेला असेल. मग तिने नाकाने श्वास घेतला, क्षणभर धरला, आणि त्या शब्दाच्या जागी तो सावकाश सोडला.

दाराच्या फटीतले ते दोन पाय. ते तिथे इतका वेळ का उभे असायचे ते मला आत्ता कळलं. ती आत येण्याची वाट बघत नव्हती. आपण काय केलं ते बघत होती. माझ्या पाठीत काहीतरी आवळत गेलं, वर, मानेपर्यंत, आणि रोजच्या सवयीने माझी छाती भरून आली, ओठ आपोआप गोल झाले. मी ते मिटले. मी म्हटलं, "दुखतं." माझा आवाज मला ओळखू आला नाही. "उचललं की माझं दुखतं. हो. आणि नाही उचललं तरी दुखतं, स्वरा. तू काही केलं नाहीस. ते तुझ्याआधीपासून आहे." हे खोटं होतं. ते तिच्यापासूनच होतं, तिला टबातून उचलतानाचंच. पण एवढं मी ठेवून घेतलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, तो शब्द परत येईल का हे बघितल्यासारखी. "आत्ता?" तिने विचारलं. आत्ता पण, मी म्हटलं. खूप? मी आत जाऊन पाहिलं. किती तरी महिन्यांनी, कुणीतरी विचारलं म्हणून आत जाऊन पाहिलं, आणि ते तिथे होतं, सगळंच्या सगळं, कुठेही गेलेलं नव्हतं. खूप, मी म्हटलं.

तिचा खालचा ओठ थरथरला. तो असा थरथरलेला मी कधी पाहिला होता ते आठवेना. तिने मासे असलेला हात दुसऱ्या हाताने उचलून माझ्या मांडीवर ठेवला, जड वस्तू ठेवावी तसा, आणि मग एकदम, सगळं अंग सोडून देऊन, मोठ्याने रडायला लागली. लहानपणचा तो भोंगा. अवधूत गॅलरीच्या दारात येऊन उभा राहिला आणि पुढे आला नाही. मी तिला उचललं नाही. मी आडवी झाले आणि ती माझ्यावर पडून रडत राहिली, तिचं नाक माझ्या गळ्यात, कोपर बरगडीत, तिचं सगळं वजन माझ्या कमरेच्या त्या जागेवर, आणि मी ते तसंच असू दिलं. मीही रडत होते की नुसता श्वास वेडावाकडा होत होता ते सांगता येणार नाही. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, चटईवरचा तो ढीग, सिरपची उघडी बाटली. त्यांचं तोंड उघडलं, आणि नेहमीसारखं थांबलं. मग त्या सोफ्याचा आधार घेत, एक गुडघा, मग दुसरा, अशा आमच्याजवळ खाली बसल्या.

"काय गं," त्या म्हणाल्या, "फार दुखतंय का?"

त्यांनी कुणाला विचारलं ते कळलं नाही. हो, स्वराली म्हणाली. हो, मी म्हटलं.